राहुकाळातला आरएसआय

लग्नाच्या पंगतीत डॉक्टरला कोणी जीभ बाहेर काढून दाखवत नाही. मला मात्र लोक पानावर भात वाढलेला असताना मोबाइल काढून आलेख दाखवतात. "अण्णा, हे बघा की स्वल्प. घ्यावं का?" मी म्हणतो, जेवू द्या. त्यावर ते शेजारच्याला सांगतात, "काही बोलत नाहीत म्हणजे पडणार."

मी मूळचा बेळगावकडचा. नोकरी बंगळुरूत एका शेअर दलालाच्या कचेरीत केली, आणि आता निवृत्त होऊन बनशंकरीत राहतो. हुद्दा होता टेक्निकल ॲनालिस्ट. याचा अर्थ आमच्या नात्यात कोणालाच नीट कळला नाही. धाकट्या बहिणीच्या सासरी मी बरीच वर्षं कंप्यूटर दुरुस्त करणारा म्हणून ओळखला जात होतो. एकदा प्रिंटर बघायला बोलावणंही आलं होतं. गेलो. कागद अडकला होता, काढला. त्या घरात माझ्या ज्ञानाबद्दल आजही आदर आहे. शेअर बाजारात इतका सरळ आदर मला कधी मिळाला नाही.

आमचा धंदा थोडक्यात सांगतो. कंपनी काय बनवते, तिचा मालक कसा आहे, याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. भाव कुठून कुठे गेला आणि किती जोरात गेला, एवढंच आम्ही बघतो. हा जोर मोजायची काही साधनं आहेत, त्यातलं सगळ्यांत लाडकं म्हणजे आरएसआय. गेल्या चौदा दिवसांत भाव चढला तेव्हा सरासरी किती चढला आणि उतरला तेव्हा किती उतरला, यांची तुलना करायची आणि ती शून्य ते शंभर यांच्यामध्ये बसवायची. झालं. चौदा दिवसांऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे चौदा तुकडे घेतले तरी गणित तेच. पूर्वी आम्ही हे आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने करायचो. आता बोट लावलं की फोनवर येतं, त्यामुळे आता ते कोणालाच समजत नाही.

आकडा सत्तरच्या वर गेला की पुस्तकं म्हणतात, खरेदी अती झाली. तीसच्या खाली गेला की विक्री अती झाली. एवढं वाक्य वाचून लोक पुस्तक मिटतात. पुढच्या पानावर लिहिलेलं असतं की बाजाराला एकदा दिशा मिळाली की हे नियम लागू पडत नाहीत. चढत्या बाजारात हा आकडा चाळीसच्या खाली सहसा उतरत नाही, उतरत्या बाजारात साठच्या वर फारसा टिकत नाही. तो कुठल्या मजल्यावर राहतो ते बघायचं आणि त्यावरून कल ओळखायचा, हा त्याचा खरा उपयोग. पण मजला बघायला महिने लागतात, आणि माणसांना उत्तर सोमवारी सकाळी हवं असतं.

मी लोकांना सांगायचो, हा स्पीडोमीटर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर काटा ऐंशीवर गेला म्हणजे गाडी आता उलटी फिरणार, असं कोणी म्हणतं का? लोक म्हणायचे, नाही. आणि खालच्या मजल्यावर सौदे होत, तिथे जाऊन विकून यायचे.

आमच्याकडे एक डॉक्टर खातेदार होते. ताप, सर्दी, पोट असा जनरल दवाखाना. त्यांना आरएसआय पहिल्या दिवशीच आवडला, कारण त्यांनी त्याला थर्मामीटर मानलं. सत्तर म्हणजे ताप. एका औषध कंपनीचा शेअर त्यांच्याकडे होता, त्याचा आकडा सत्तर झाला आणि त्यांनी तो सगळा विकून टाकला. मी म्हटलं होतं, डॉक्टर, हा ताप नाही, हा पोरगा पळतोय म्हणून अंग गरम आहे. त्यांनी माझ्याकडे, पेशंट स्वतःचं निदान स्वतः सांगायला लागल्यावर बघतात, तसं बघितलं. तो शेअर नंतर सबंध पावसाळाभर सत्तरच्या आसपास राहिला आणि चढत राहिला. डॉक्टर रोज दुपारी फोन करायचे, "उतरला का?" मी म्हणायचो, नाही. "अजून?" त्या आवाजात पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. शास्त्राचा अपमान झाल्याचा राग होता. शेवटी दसऱ्याच्या सुमारास आकडा एकदाचा पन्नासवर आला, तेव्हा भाव त्यांच्या विक्रीच्या भावाच्या कितीतरी वर होता. डॉक्टरांनी पेढे आणले. म्हणाले, "उतरणारच होता."

असे लोक मला त्रास देत नसत, असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टर निदान एकाच आकड्यावर अडून होते. नंतर जी पिढी आली, तिला आकडे फिरवता येत होते.

गुंडूराव माझे शेजारी आणि सगळ्यांत जुने खातेदार. त्यांचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की मूळ गाव कोणतं यावर घरातच तीन मतं आहेत. मराठी बोलतात, भांडतात कन्नडमध्ये. सरकारी कारखान्यातून निवृत्त. त्यांचा एकच नियम होता, राहुकाळात सौदा करायचा नाही. राहुकाळ म्हणजे रोजचा दीड तासाचा अशुभ वेळ, वाराप्रमाणे बदलणारा. बंगळुरूत तो घरोघरी कॅलेंडरवर छापलेला असतो. सोमवारी राहू बाजार उघडायच्या आत आपली ड्यूटी संपवून जातो, म्हणून गुंडूराव सोमवारी खुशीत असत. शुक्रवारी तो साडेदहाला बसतो आणि बाराला उठतो, तेवढा वेळ गुंडूराव कचेरीत समोरच्या पडद्याला पाठ करून बसत. बाजार कोसळत असला तरी. मी ओरडायचो, "अहो, विका!" ते हात वर करून म्हणायचे, "बारा वाजू दे अण्णा. सरी?" सरी म्हणजे ठीक ना.

त्यांची मुलगी वीणा. तिने नागपूरच्या निखिलशी लग्न केलं. दोघं इलेक्ट्रॉनिक सिटीत एकाच कंपनीत होते, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. निखिल हुशार, मनमिळाऊ, आणि सासऱ्यांच्या राहुकाळाला हसणारा. हसायचा तो माझ्याकडे बघून, जणू आम्ही दोघं विज्ञानाच्या बाजूचे. मला ते सुरुवातीला बरंही वाटलं.

मग तो एका रविवारच्या कार्यशाळेला गेला.

अशा कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. हॉटेलचं मोठं दालन, दारात नावाच्या पट्ट्या, आणि गुरुजी स्टेजवर येताना धूर सोडतात. धूर! मी शेतसारा भरण्यापासून मुंजीपर्यंत सगळे समारंभ पाहिलेत, पण चौदा दिवसांची सरासरी समजावण्यासाठी धूर लागतो हे मला माहीत नव्हतं. गुरुजी म्हणतात, नोकरी ही गुलामी आहे. हे ऐकायला शे-दोनशे नोकरदार पगारातून फी भरून बसलेले असतात. स्वतः गुरुजी बाजारातून किती कमावतात हे विचारायची पद्धत नाही. फी चांगली असते.

निखिल तिथून आला तो पेटूनच. त्याने आरएसआयवर चालणारा प्रोग्रॅम लिहिला. गेल्या काही वर्षांचे भाव त्यात घालायचे आणि या नियमांनी सौदे केले असते तर काय झालं असतं ते बघायचं. याला बॅकटेस्ट म्हणतात. चौदाने जमेना, म्हणून त्याने अकरा केले. सत्तरचे त्र्याहत्तर केले. तीसचे चौतीस. असं करत करत एक दिवस त्याच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी, कुठेही न अडखळणारी एक रेघ उमटली. तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला.

"काका, बघा न. एकही वर्ष तोट्याचं नाही."

"अकरा का?"

"काय अकरा?"

"चौदाचे अकरा का केलेस?"

"अकराला बेस्ट रिझल्ट येऊन राहिला न काका."

मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू प्रश्नपत्रिका फुटल्यावर अभ्यास केलास. तुझे नियम गेल्या वर्षांच्या मापाचे शिवलेले आहेत. पुढचं वर्ष त्यात मावेल याला आधार काय? जे भाव तुझ्या प्रोग्रॅमने कधी पाहिलेच नाहीत, त्यांच्यावर चालवून दाखव. महिनाभर कागदावर सौदे कर, मग बोलू. तो नम्रपणे हसला. मला ते हसणं ओळखीचं होतं. सासऱ्यांच्या राहुकाळाला तो तसाच हसायचा.

"डेटा बोलतो काका," तो म्हणाला.

दोन दिवसांनी वीणा आली. कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. ती मुद्द्यावर यायला वेळ लावत नाही.

"अण्णा, हा पुढच्या शुक्रवारी राजीनामा देणार म्हणतो. मेल लिहून ठेवलाय. पूर्ण वेळ ट्रेडिंग करणार. माझी नोकरी बाळामुळे सुटली. घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललंय. मी बोलले की म्हणतो तुला गणित कळत नाही. माझंही इंजिनियरिंग झालंय, वर मार्क त्याच्यापेक्षा जास्त होते. तुम्ही सांगा."

"मी सांगितलं."

"पुन्हा सांगा. तुमचं नाही तर कोणाचं ऐकणार? अप्पा आहेत माझ्या बाजूला, पण अप्पांचं तो ऐकतो होय?"

म्हणून मी निखिलला पुन्हा बोलावलं. गुंडूरावही येऊन बसले. मी तासभर बोललो. ठोकताळे, योगायोग, गतकाळ आणि भविष्य, सगळं. निखिलने प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि शेवटी म्हणाला, "पण काका, अजून काही फिल्टर सुचवा न. ॲक्युरसी वाढवायची आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग सासऱ्यांचा राहुकाळ घाल त्यात! तेवढाच राहिलाय."

ही थट्टा होती. खोलीतल्या सगळ्यांना ती थट्टा आहे हे कळलं, असं मला वाटलं. निखिलने ते टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूराव माझ्या दारात. डोळ्यांत पाणी.

"अण्णा, कंप्यूटरसुद्धा मान्य केला की हो!"

झालं होतं असं. निखिलने गंमत म्हणून प्रोग्रॅमला सांगितलं की राहुकाळात सौदा करू नकोस. आणि रेघ आणखी सुंदर झाली. नफा वाढला, तोट्याचे सौदे घटले. यामागचं कारण कुठल्याही जुन्या दलालाने सांगितलं असतं. बुधवारी आणि गुरुवारी राहुकाळ ऐन दुपारच्या बाजारात येतो. त्या वेळी बाजार जेवणाच्या नादात सुस्तावलेला असतो, आकडा उगीच वरखाली टकटक करत खोटे इशारे देतो. ते वगळले की थोडं नुकसान वाचतं. यात राहूचा संबंध नाही, चपाती-भाजीचा आहे. मी हे गुंडूरावांना समजावलं. ते म्हणाले, "असू दे हो. आमचे आजोबा काय उगीच पाळत होते?"

म्हणजे परिस्थिती अशी झाली. कालपर्यंत जावयाच्या राजीनाम्याला घरात दोन माणसांचा विरोध होता. माझ्या एका टोमण्याने त्यातला एक कमी झाला. सासरे आता जावयाच्या बाजूला होते. जावई सासऱ्यांच्या पाया पडला होता. दोघांत लग्नापासून नव्हता इतका सलोखा झाला होता, आणि त्या सलोख्याच्या भरात एक चालू नोकरी जाणार होती. वीणाचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "काय हे अण्णा?"

उपाय सुचला तो तिलाच. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि राहुकाळ वाईट असता तर मी दर मंगळवारी अम्माकडे कशाला आले असते?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या बनशंकरीच्या देवळात रिवाज उलटा आहे. सगळं गाव राहुकाळ टाळतं, पण इथे देवीची पूजा राहुकाळातच करतात. बायका लिंबू अर्धं कापून, पिळून, उलटं करून त्याची वाटी करतात, तेल घालून त्यात वात लावतात. जो वेळ कशालाच चालत नाही, तो अम्माला चालतो. वीणा लहानपणापासून आईबरोबर जात होती. आता बाळ घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीहून येते.

मी निखिलला म्हटलं, एक शेवटची विनंती. आता उलट कर. सौदे फक्त राहुकाळात कर. बाकी दिवसभर हात बांध. आणि जशी आधी खटपट केलीस तशीच करून बघ, अकरा, त्र्याहत्तर, काय लागेल ते फिरव. तुला शपथ आहे, प्रामाणिकपणे कर.

रविवारी ते सगळे माझ्याकडे जमले. निखिल प्रामाणिक आहे, हे मी मान्य केलं पाहिजे. त्याने केलं होतं. अकराचे नऊ झाले होते, त्र्याहत्तरचे सहासष्ट. आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी, कुठेही न अडखळणारी रेघ होती. त्याने आधीची रेघही शेजारी लावून ठेवली होती. एक राहुकाळ टाळणारी, एक फक्त राहुकाळात कमावणारी. जुळ्या बहिणी.

बाळ लॅपटॉपचं झाकण ओढत होतं.

"म्हणजे राहू चांगला का वाईट?" गुंडूरावांनी विचारलं.

"ते यात कळत नाही," मी म्हणालो. "यात काहीच कळत नाही. हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. इतक्या खुंट्या पिळायला दिल्या की हा प्रोग्रॅम कुठलंही गाणं वाजवून दाखवतो."

"अम्माला चालतो राहुकाळ, अप्पा," वीणा म्हणाली. "तुम्हीच आईला सोडायला यायचात की."

"ते देवळात गे. बाजारात कुठे अम्मा आहे?"

"मग बाजारात राहू कुठून आला?"

मी निखिलकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता त्याचा चेहरा पडेल. तो विचारात होता, आणि मग म्हणाला, "काका, दोन्ही एकत्र चालवले तर? डायव्हर्सिफिकेशन."

मी उठून आत गेलो आणि पाणी प्यालो. नोकरीत असताना अशा वेळी मी जिन्यात जाऊन उभा राहायचो.

शुक्रवार उजाडला. मी काही करू शकत नव्हतो. मोठी माणसं असतात, त्यांच्या नोकऱ्या त्यांच्या असतात. दुपारचं जेवण झालं, पडलो, झोप आली नाही. चारच्या सुमाराला गुंडूरावांचा फोन आला.

"अण्णा, दिला नाही राजीनामा."

मी उठून बसलो. "पटलं शेवटी?"

"ऐका की. वीणानं सांगितलं, आज त्याचं काम घरूनच होतं, सकाळी मेल काढून बसला. पाठवणार, तेवढ्यात घड्याळ बघितला. पावणेअकरा. राहुकाळ."

"मग?"

"मग काय! थांबला."

"निखिल थांबला?"

"थांबला की. वीणा म्हणाली, आता देवीचा वेळ, पाठव ना. मुद्दाम बोलली ती. तर म्हणतो, नको, बारा वाजू दे. रिस्क कशाला?" गुंडूरावांचा आवाज अभिमानाने भरला होता. "आता सव्वा तास करणार काय? रिकामा बसवेना. तर तुम्ही म्हणत होता ना, न पाहिलेल्या भावावर चालव, ते केलं. मागचे दोन महिने त्याने प्रोग्रॅमला दाखवलेच नव्हते. वेळ जायला म्हणून चालवलं. आणि दोन्ही रेघा खाली. धबाक! राहुकाळ पाळलेली पण, राहुकाळातली पण."

"आणि?"

"बारा वाजले तरी मेल गेला नाही. जेवला, ऑफिसच्या मीटिंगला बसला. तोंड वाकडं आहे, असू दे. वीणा पण जरा हसली आज."

मी त्या मुलाला पुस्तकं दिली होती, दाखले दिले होते, डॉक्टरांची गोष्ट दोनदा सांगितली होती. एक साधी तपासणी कर म्हणून हात जोडायचे बाकी ठेवले होते. ती त्याने केली, कारण कॅलेंडरवर त्या वेळेला काही करू नये असं छापलं होतं. आमच्या धंद्यातली सगळी साधनं कधी घ्यावं आणि कधी विकावं ते सांगतात. दीड तास हात मांडीखाली ठेवून बस, असं सांगणारं एकही आम्ही बनवलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर गुंडूराव आले, कचेरीत पडद्याला पाठ करून बसलेले. मी त्यांच्यावर किती शुक्रवार ओरडलो होतो.

"आता तरी मानता का नाही?" गुंडूराव विचारत होते.

"काय मानू?"

"राहुकाळ!"

"नाही," मी म्हणालो.

"सरी, नका मानू." ते जराही दुखावले नव्हते. "बरं, संध्याकाळी वीणा देवळात येणार आहे. इकडे कॉफीला या. आणि अण्णा, येताना स्वल्प ते बघून या हो, माझ्या त्या सिमेंटचा आरएसआय बहात्तर दाखवतोय. विकू का?"